हे पित्त नव्हे, गवत!

मैत्रिणींनो, अंगावर काही उठलं की आपण म्हणतो, "उष्णता झाली," नाहीतर "पित्त उठलं." मीही तेच म्हटलं. आमच्या ओझरला कुकडीकाठी पावसाळ्यात गवत माजतं. गणपतीआधी मी परस साफ केलं आणि दोन दिवसांत मनगटं, मान, पापण्यांवर लालसर पुटकुळ्या आल्या. खाज तर इतकी की वर्गात फळ्यावर लिहिता येईना!

आमसुलाचं पाणी लावलं, गुण नाही. मग दुकानातून मलम आणलं. चार दिवस बरं वाटलं, सोडताच दुप्पट उठलं. त्यात स्टेरॉइड होतं. असं मलम मनानेच लावत राहिलं तर कातडी पातळ होते, तोंडावर मुरुमं येतात.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "गवत उपटलंत का?" ते होतं गाजर गवत. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. आपल्या देशात ते प्रथम लक्षात आलं ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास.

"पण मी तर दरवर्षी उपटते!" मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, शरीर काही वर्षं सोसतं. एकदा वावडं झालं की मग वाऱ्याने उडालेला त्याचा चुरासुद्धा पुरतो.

मग ओळखायचं कसं?

* पित्ताची गांध फुगीर असते. एका जागची बहुधा चोवीस तासांत विरते, दुसरीकडे उठते.
* खरजेची खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्यांत, कमरेला पुटकुळ्या येतात, घरात इतरांनाही होते. औषध सगळ्यांनी एकाच वेळी लावावं, कपडे-अंथरुणं गरम पाण्यात धुवावीत.
* गवताचं पुरळ उघड्या अंगावर, पापण्यांवर आणि कोपराच्या लवणीत दिसतं.

ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला, तर तडक दवाखाना गाठा. बधिर चट्टा किंवा वाढत जाणारी गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका.

गाजर गवत फुलण्याआधी उपटावं. हातमोजे, लांब बाह्या घालून. नंतर साबणाने हातपाय धुवावेत. ज्याला वावडं आहे त्याने मात्र हात लावूच नये. आमच्याकडे आता हे काम 'ह्यांच्याकडे' गेलंय!

आणि एक सांगू? खुरपायला येणाऱ्या बाईलाही हातमोजे द्या. तिची कातडी काही वेगळी नसते.