नकाशाच्या खिडकीवरचे टोकन

बँकांमध्ये संगणक यायच्या आधी पैसे काढायला गेलेल्या माणसाच्या हातात एक पितळी टोकन पडायचे. पहिल्या खिडकीवर धनादेश द्यायचा. तिथला कारकून तो घेऊन नंबर कोरलेले टोकन द्यायचा. मग बाकावर बसून राहायचे. तोवर आत सही नमुन्याशी ताडली जायची आणि खतावणीत शिल्लक पाहिली जायची. रोखपालाने नंबर पुकारला की टोकन परत करायचे आणि पैसे मोजून घ्यायचे. रोखपाल पुन्हा सही तपासत नसे. ते काम आधीच झालेले असे आणि पैसे कोणाला द्यायचे, याची खूण टोकन असे.

इंटरनेटवर जे नकाशे सर्वांसाठी खुले नसतात, त्यांच्या दाराशी आज हीच पद्धत चालते. ती आतून कशी काम करते आणि जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याने कुठे जपायचे, हे परभणी जिल्ह्यातले उदाहरण घेऊन टप्प्याटप्प्याने पाहू.

कोणता नकाशा खुला, कोणता बंद

गावाचा भूनकाशा पाहायचा तर महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर निवडला की पुरते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे ‘भुवन’ २००९ पासून उपग्रहचित्रे दाखवते आणि ती कोणीही पाहू शकतो. मात्र भुवनच्या काही सेवा थेट आपल्या प्रोग्राममधून मागवायच्या असतील तर नोंदणी करून टोकन घ्यावे लागते.

आता तिसरा प्रकार पाहा. परभणीत गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठच्या शिवारांत अतिवृष्टी झाली की पंचनामे सुरू होतात. समजा, या पंचनाम्यांसाठी एक नकाशा-दालन तयार करायचे आहे. त्यात प्रत्येक गट नंबरवर खातेदाराचे नाव, बाधित क्षेत्र, पिकाचा फोटो आणि बँक खात्याचा तपशील असेल. जिंतूरच्या तलाठ्याला जिंतूरमधली आपली गावे दिसली पाहिजेत, गंगाखेडची नकोत. जिल्हा कार्यालयाला नऊही तालुके दिसले पाहिजेत. बाहेरच्या माणसाला यातले काहीच दिसता कामा नये. हा नकाशा बंदच हवा, कारण त्यातली प्रत्येक रेघ कोणाच्या तरी घरच्या अडचणीशी जोडलेली आहे.

पासवर्ड पुरत नाही तो का?

नाव आणि पासवर्ड विचारला की झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण पडद्यावरचा नकाशा एका तुकड्यात येत नाही. तो बहुधा २५६ गुणिले २५६ बिंदूंच्या चौकोनी फरश्या जोडून तयार होतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या साध्या पडद्याला अशा किमान ४० फरश्या लागतात. त्यावर उपग्रहचित्र, गट नंबरांच्या हद्दी आणि पंचनाम्याची माहिती असे तीन थर ठेवले की एका दृश्यासाठी सव्वाशेच्या आसपास मागण्या सर्व्हरकडे जातात. जिल्ह्यावरून तालुक्यावर आणि तालुक्यावरून गावावर यायचे, तर प्रत्येक पायरीला हे सगळे पुन्हा घडते.

या मागण्या ज्या एचटीटीपी नियमाने जातात, त्याला स्मरण नाही. पहिली फरशी मागणारा आणि दुसरी मागणारा एकच माणूस आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. म्हणून प्रत्येक मागणीने आपली ओळख नव्याने पटवून द्यावी लागते. दर वेळी पासवर्ड पाठवला, तर तो तितक्या वेळा प्रवास करतो आणि तितक्या ठिकाणी फुटू शकतो. शिवाय पासवर्ड तपासणे मुद्दामच संथ ठेवलेले असते. बीक्रिप्टसारख्या पद्धती चोराला अंदाज लढवणे महाग पडावे म्हणून जास्तीची आकडेमोड करायला लावतात. एका तपासणीला सेकंदाचा दहावा भाग लागला असे धरले, तर सव्वाशे फरश्यांसाठी सर्व्हरचे सुमारे १२ सेकंद नुसत्या ओळखपरेडीत जातील. म्हणून ही जड तपासणी एकदाच करायची आणि पुढच्या प्रत्येक खिडकीवर टोकन दाखवायचे.

पहिली खिडकी: टोकन घेणे

सरकारी आणि खासगी नकाशा-कामात एस्री कंपनीचा आर्कजीआयएस सर्व्हर बराच वापरला जातो. त्याच्याकडे ‘जनरेट टोकन’ नावाची वेगळी खिडकी असते. जावा प्रोग्राम तिथे ‘पोस्ट’ प्रकारची मागणी पाठवतो. २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून त्यासाठी एचटीटीपी क्लायंट भाषेतच तयार मिळतो. मागणीत वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, टोकन किती मिनिटांसाठी हवे, ते कुठून वापरले जाणार आणि उत्तर कोणत्या स्वरूपात हवे, एवढे सांगायचे असते.

इथे दोन गोष्टी चुकवायच्या नाहीत. एक, ही मागणी एचटीटीपीएसवरूनच जावी. दुसरी, पासवर्ड मागणीच्या पोटात ठेवावा, पत्त्यात नाही. लिफाफ्यावर लिहिलेले लपून राहत नाही. वेब पत्त्याचेही तसेच आहे. तो सर्व्हरच्या नोंदवहीत आणि ब्राउझरच्या इतिहासात तसाच उतरतो.

उत्तरात जेसन स्वरूपात दोन महत्त्वाच्या गोष्टी येतात. एक असते अक्षरांची लांबलचक माळ, म्हणजे टोकन. दुसरी असते त्याची मुदत संपण्याची वेळ.

दुसरी खिडकी: टोकन दाखवणे

आता जावा प्रोग्राम नकाशाची फरशी मागतो. प्रत्येक मागणीच्या ‘ऑथोरायझेशन’ या शीर्षकात ‘बेअरर’ हा शब्द आणि त्यापुढे टोकन ठेवायचे, ही सर्वसाधारण पद्धत आहे. बेअरर म्हणजे धारक. बेअरर चेकचे पैसे ज्याच्या हातात चेक असेल त्याला मिळतात, तसेच या टोकनचे आहे. ते कोणाच्या हातात आहे, हे सर्व्हर विचारत नाही. म्हणून ते पैशासारखेच सांभाळावे लागते.

नकाशांच्या बाबतीत एक खास अडचण येते. वेब पानावर चित्र दाखवण्याच्या साध्या खुणेला असे शीर्षक जोडता येत नाही. म्हणून अनेक जण टोकन पत्त्याच्या शेवटी चिकटवतात. मग कोणी तो नकाशाचा पत्ता कॉपी करून गटावर पाठवला की टोकनही त्याबरोबर जाते. आर्कजीआयएस सर्व्हर टोकनला ठरावीक संकेतस्थळाशी किंवा संगणकाच्या पत्त्याशी बांधू देतो. त्याने धोका कमी होतो, पण संपत नाही. जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे मध्ये जावाचा एक छोटा मध्यस्थ प्रोग्राम ठेवणे. ब्राउझर फरशी मध्यस्थाकडे मागतो. मध्यस्थ आधी मागणारा कोण आहे आणि त्याला ही फरशी पाहता येते का ते तपासतो. मगच तो आपल्याजवळचे टोकन जोडून सर्व्हरकडे जातो आणि फक्त चित्र परत देतो. टोकन ब्राउझरपर्यंत पोहोचतच नाही.

खतावणीतले टोकन आणि सहीचे टोकन

टोकन आले की सर्व्हरने त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? याची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर खतावणीचे. टोकन हा नुसता अर्थहीन नंबर असतो आणि तो कोणाला दिला, याची नोंद सर्व्हर ठेवतो. दर मागणीला तो नोंद उघडून पाहतो. याचा मोठा फायदा असा, की टोकन चोरीला गेले तर नोंद खोडली की ते त्याच क्षणी निकामी होते.

दुसरे उत्तर सहीचे. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर तलाठ्याने शाईची सही करावी लागत नाही, कारण खरेपणाचा पुरावा त्या कागदाबरोबरच असतो. जेसन वेब टोकन तसेच आहे. त्याचे मानक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. या टोकनचे तीन भाग असतात आणि त्यांच्यामध्ये टिंबे असतात. पहिल्या भागात सहीची पद्धत, दुसऱ्यात माणसाविषयीचा मजकूर, म्हणजे तो कोण, त्याला काय पाहता येते आणि मुदत कधी संपते, आणि तिसऱ्यात सही. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. सर्व्हरला कुठली नोंद उघडावी लागत नाही, म्हणून सव्वाशे फरश्यांची तपासणी झरझर होते.

पण हा मजकूर लपवलेला नसतो. तो फक्त वेगळ्या लिपीत मांडलेला असतो आणि कोणीही तो उलगडून वाचू शकतो. आधार क्रमांक किंवा बँक खाते त्यात कधीही ठेवू नये. २०१५ मध्येच एक धडाही मिळाला. काही तयार प्रोग्राम टोकनमधला पहिला भाग वाचायचे आणि तिथे ‘सही नाही’ असे लिहिलेले दिसले की सही न तपासताच टोकन मान्य करायचे. म्हणून सहीची कोणती पद्धत चालेल, हे आपल्या प्रोग्रामने स्वतः ठरवावे. ते टोकनला विचारू नये.

घड्याळाचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका मुदतीच्या हिशेबात होतात. आर्कजीआयएस सर्व्हर मुदत १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत सांगतो, जेसन वेब टोकन सेकंदांत. एकाला दुसरे समजले की हजारपट फरक पडतो आणि टोकन कधी संपतच नाही किंवा जन्मतःच संपलेले दिसते. मिलिसेकंदांचा हा आकडा जावाच्या ‘इंट’मध्ये मावत नाही, त्यासाठी ‘लाँग’ लागतो. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तुलना जावाच्या ‘इन्स्टंट’ प्रकारातच केली तर हा घोळ होत नाही.

मुदत संपायच्या क्षणाची वाट पाहू नये. एखादे मिनिट आधीच नवे टोकन मागावे, कारण दोन संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. आणखी एक गोष्ट आहे. चाळीस फरश्या एकाच वेळी मागवल्या जात असताना टोकन संपले, तर चाळीसही धागे, म्हणजे प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी कामे, पहिल्या खिडकीवर झुंबड करतात. म्हणून नवे टोकन आणण्याच्या भागाला कुलूप लावावे. एकाने आत जावे, टोकन आणावे आणि बाकीच्यांनी तेच वापरावे.

चुकीचे उत्तर ओळखण्यातही एक खाच आहे. आर्कजीआयएस सर्व्हर अनेकदा वरकरणी ‘२००’, म्हणजे सगळे ठीक, असे कळवतो आणि उत्तराच्या पोटात ४९८ किंवा ४९९ असा आकडा देतो. ४९८ म्हणजे टोकन चालत नाही, ४९९ म्हणजे टोकन हवे होते. नुसता बाहेरचा आकडा पाहणारा प्रोग्राम फसतो आणि पडद्यावर कोरा नकाशा दिसतो.

ओळख आणि अधिकार

टोकनने माणूस कोण, हे सिद्ध झाले. तो काय पाहू शकतो, हा वेगळा प्रश्न आहे. ओळख पटली नाही तर सर्व्हर ४०१ म्हणतो. ओळख पटली पण परवानगी नाही, तर ४०३. जिंतूरच्या तलाठ्याने पालमचा चौकोन मागितला, तर फक्त पडद्यावरचे बटण लपवून भागत नाही. मागितलेला चौकोन त्याच्या हद्दीत बसतो का, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. बटण लपवणे ही सोय आहे, तिला कुलूप मानून चालणार नाही.

मुदत किती ठेवावी? सहीचे टोकन चोरीला गेले तर ते सहज रद्द करता येत नाही, म्हणून ते थोड्या मिनिटांचे असावे आणि वापरकर्त्याला न कळता बदलत राहावे. पासवर्ड आणि टोकनवर सही करायची गुप्त किल्ली जावाच्या मूळ प्रोग्राममध्ये कधीच लिहू नये. प्रोग्राम एकमेकांना दिले जातात, त्यांच्या प्रती निघतात आणि किल्लीही त्यांच्याबरोबर फिरते.

आता पुन्हा शिवारात येऊ. जिंतूरच्या डोंगराळ भागात एखादा कृषी सहायक चिखल तुडवत बांधावर पोहोचला आहे. त्याने सोयाबीनचा फोटो घेतला, गट नंबर टाकला, बाधित क्षेत्र लिहिले आणि ‘पाठवा’ दाबले. तिथे नेटवर्क नव्हते. ते आले तोपर्यंत टोकनची मुदत संपली होती. या क्षणी काय होते, त्यावर त्या दालनाची खरी परीक्षा आहे. प्रोग्रामने लॉगिनचे पान दाखवून भरलेली माहिती पुसून टाकली, तर सुरक्षा शाबूत राहिली, पण त्या शेतकऱ्याचा पंचनामा गेला. चांगला प्रोग्राम आधी ती नोंद मोबाइलमध्ये जपून ठेवतो, मग नवे टोकन घेतो आणि तीच नोंद पुन्हा पाठवतो. या काही ओळी लिहायला प्रोग्रामरची एक दुपार जाईल. त्या लिहिलेल्या नसतील तर पुसलेली नोंद पुन्हा भरायला कृषी सहायकाला त्याच बांधावर परत जावे लागेल आणि तोपर्यंत शेतात फोटो घेण्याजोगे काही उरलेले असेलच असे नाही.