ड्रायव्हर सामाईक, नाव ज्याचं त्याला

बहरीनमधला भाड्याचा सर्व्हर

जुलै २०१९मध्ये अ‍ॅमेझॉनने बहरीनमध्ये आपला क्लाउड रीजन सुरू केला. मध्यपूर्वेतला त्यांचा पहिला. तिथला एम५ जातीचा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेऊन 'एलएसपीसीआय -एनएन' ही कमांड दिली, की नेटवर्क कार्डापुढे '१डी०एफ:ईसी२०' असं दिसतं. १डी०एफ हा अ‍ॅमेझॉनचा क्रमांक, पुढचा त्या कार्डाचा. कंपन्यांना हे क्रमांक पीसीआय-सिग ही संस्था देते, त्यामुळे दोन कंपन्यांची गल्लत होत नाही.

एनव्हीएमई डिस्कचं मात्र वेगळं. लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर कंपनी विचारत बसत नाही. उपकरणाचा वर्ग जुळला की काम सुरू. सॅमसंग असो, इंटेल असो, ड्रायव्हर एकच. मग स्वतंत्र क्रमांक हवा कशाला? उत्तर २०२१मध्ये मिळालं. मानकानुसार मेमरीचा पत्ता ६४ बिटांचा, पण अ‍ॅमेझॉनच्या काही कंट्रोलरांची झेप ४८ बिटांपर्यंतच होती. त्यांचे क्रमांक वेगळे असल्यामुळे ड्रायव्हरमध्ये तेवढ्यांपुरतीच मर्यादा घालता आली. बाकीच्यांना धक्काही लागला नाही.

जी उपकरणं बोलत नाहीत

मोबाइल किंवा छोट्या बोर्डावरच्या चिपच्या पोटातले भाग पीसीआय कार्डासारखा आपला क्रमांक आपणहून सांगत नाहीत. त्यांची यादी 'डिव्हाइस ट्री'मध्ये लिहून द्यावी लागते. त्यातल्या 'कम्पॅटिबल' या रकान्यात आधी कंपनी, मग स्वल्पविराम, मग उपकरण. आणि नावं एकाहून जास्त असतील तर नेमकं नाव पुढे, सर्वसाधारण मागे.

आरके३३९९ या चिपच्या सिरियल पोर्टचं उदाहरण घ्या. पहिलं नाव 'रॉकचिप,आरके३३९९-यूएआरटी', दुसरं 'एसएनपीएस,डीडब्ल्यू-एपीबी-यूएआरटी'. मूळ आराखडा सिनॉप्सिसचा. तो अनेक चिप कंपन्या विकत घेतात. ड्रायव्हर दुसऱ्या नावावरच चालतो, म्हणून पहिलं नाव फुकटचं वाटतं. पण उद्या याच चिपमध्ये खोट निघाली, तर ती पकडायला हाच धागा.

एक्स लावून भागत नाही

'आरके३३एक्सएक्स' असं मोघम नाव लिनक्स कर्नलचे देखरेखकार परत पाठवतात, आणि बरोबरच आहे: पुढच्या ३३-वाल्या चिपमध्ये काय असेल, हे आज कोण सांगणार? कंपनी विकली गेली तरी नाव हलत नाही. फ्रीस्केल २०१५मध्ये एनएक्सपीत गेली, तरी तिचं 'एफएसएल' हे नाव कायम आहे. जुन्या बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये बसलेली नावं नव्या कर्नललाही ओळखता आली पाहिजेत ना!

सारखं दिसतं, पण सुसंगत नाही

ऑलविनरच्या डी१ या रिस्क-५ चिपमधला इंटरप्ट कंट्रोलर टी-हेडचा आहे. रजिस्टरांची मांडणी सायफाइव्हच्या कंट्रोलरसारखीच, म्हणून मागे सायफाइव्हचं नाव जोडायचा मोह होतो. पण इथे सुपरवायझर मोडमधल्या कर्नलला कंट्रोलर वापरता यावा म्हणून फर्मवेअरला आधी परवानगीचा एक बिट लावावा लागतो. सायफाइव्हमध्ये असं नाही. म्हणून डी१च्या नोंदीत दोनच नावं आहेत: ऑलविनरचं आणि टी-हेडचं.