शुभ्रतेची पारख

पांढरा रंग एकच असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. हैदराबादेतील पत्थरगट्टीच्या मोतीबाजारात या समजुतीस पहिला धक्का बसतो. एका माळेत ओवण्यासाठी तेथे जे मोती निवडले जातात, ते सारेच पांढरे म्हणवतात. तरी त्यांतला एक किंचित पिवळसर, दुसरा गुलाबी झाक असलेला, तर तिसरा हिरवट असू शकतो. सुटा मोती हाती घेतला तर ही झाक सहसा ध्यानात येत नाही. शेजारी दुसरा ठेवताच ती चटकन नजरेत भरते. म्हणूनच मोत्यांची प्रतवारी करणारा जाणकार साध्या, बिनरंगी पार्श्वभूमीवर आणि पसरट उजेडात मोत्याशेजारी मोती मांडून पाहतो.

मुसी नदी ओलांडून अबिड्सच्या बाजूस आले, की जगदीश मार्केटमध्ये मोबाइलची दुकाने लागतात. येथे पारखावयाची वस्तू निराळी. पण प्रश्न मात्र तोच. दोन नवे मोबाइल जवळजवळ धरले, तर एकाचा पडदा पिवळसर व दुसऱ्याचा निळसर दिसतो. मग ग्राहक विचारतो, “यांतला सदोष कोणता?” या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी पडद्यावरचा पांढरा रंग बनतो कसा, हे पाहिले पाहिजे.

पडद्यावर तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांचे अतिसूक्ष्म ठिपके असतात. त्यांचा प्रकाश ठरावीक प्रमाणात मिसळला, की डोळ्यांना पांढऱ्याचा भास होतो. कारण आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशीही तीनच प्रकारच्या आहेत. एलसीडी जातीच्या पडद्यामागे पांढरा दिवा असतो. तो बहुधा निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप देऊन केलेला असतो. ओलेड जातीच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो. लेप थोडा कमीअधिक झाला, किंवा ओलेडचा एखादा थर किंचित जाड वा पातळ झाला, तरी मिश्रणाचे प्रमाण बदलते. त्यामुळे एकाच कारखान्यातले, एकाच नावाचे दोन मोबाइलही तंतोतंत सारखे निघतीलच असे नाही.

मग खरा पांढरा कोणता? आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ मध्ये रंग आकड्यांत मांडण्याची पद्धत ठरवून दिली. पांढऱ्याची जात सांगण्यासाठी तापमानाची भाषा वापरतात. लोहाराच्या भट्टीतले लोखंड तापू लागले की प्रथम तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे दिसते. याहून फार अधिक तापलेल्या ताऱ्यांचा प्रकाश पांढरा व पुढे निळसर होत जातो. जुन्या पद्धतीच्या विजेच्या दिव्याचा पिवळसर प्रकाश सुमारे २७०० केल्विनचा. पडद्यांसाठी सामान्यतः ६५०० केल्विनच्या आसपासचा, दिवसाच्या उजेडाशी जुळणारा पांढरा प्रमाण मानतात. मात्र हा आकडा केवळ पिवळसर-निळसर भेद सांगतो. गुलाबी-हिरवट भेद त्यात येत नाही. म्हणून दोन पडदे ६५०० केल्विनचे म्हणवूनही एक हिरवट व दुसरा गुलाबी दिसू शकतो.

आता आपल्या डोळ्याकडे वळू. डोळा हा मोठा विलक्षण साक्षीदार आहे. भोवतालचा प्रकाश पिवळा झाला की तो हळूहळू त्या पिवळेपणाकडे दुर्लक्ष करू लागतो. म्हणूनच दिव्याखाली वहीचा कागद आपणांस पांढराच वाटतो. या गुणास अनुकूलन म्हणतात. व्यवहारात तो फार उपकारक आहे; पण पारख करताना तोच घात करतो. एकट्या पडद्याकडे काही काळ पाहत राहिले, की त्याचाच पांढरा आपणांस प्रमाण वाटू लागतो आणि मग दुसरा पडदा दोषी ठरतो! शिवाय आपली आवडही निःपक्षपाती नसते. धोतरास नीळ दिली की ते अधिक शुभ्र वाटते. वस्तुतः तेथे केवळ पिवळेपणा झाकला जातो. याच कारणाने दुकानात निळसर पडदा स्वच्छ व प्रमाणाजवळचा पडदा मळकट वाटण्याचा संभव असतो.

सारांश, दोन छटांतला भेद ओळखण्यात डोळा अत्यंत तरबेज आहे. परंतु कोणती छटा खरी, हे एकट्याने सांगण्यास तो असमर्थ आहे. म्हणून परीक्षा अशी करावी की, डोळ्याला जे साधते तेवढेच त्याच्याकडून मागितले जाईल.

प्रथम दोन्ही मोबाइलवरील रात्रीच्या वाचनासाठी असलेली पिवळ्या प्रकाशाची सोय आणि खोलीतील उजेडानुसार छटा बदलणारी सोय बंद करावी. रंगांची पद्धतही दोन्हींवर एकच ठेवावी. एकावर ‘भडक’ व दुसऱ्यावर ‘नैसर्गिक’ असेल, तर तुलनाच व्यर्थ होय. उजळपणा सारखा करावा, कारण अधिक उजळ पडदा अधिक शुभ्र भासतो. संरक्षक काच एकावरच असेल तर तीही काढावी. नंतर दोहोंवर एकच कोरे पांढरे व पुढे एकच करडे चित्र लावावे. पांढऱ्यात लपलेली झाक पुष्कळदा करड्यात उघडी पडते. रंगीत भिंतीचे किंवा कपड्यांचे प्रतिबिंब पडू देऊ नये. पडदे एकमेकांस लागून, अगदी समोरून पाहावेत. ओलेड पडदा तिरका धरला तर त्याची छटा बदलते. कागदाशी तुलना करून निर्णय देऊ नये, कारण पुष्कळ कागदांत निळसर चमक देणारी द्रव्ये घातलेली असतात. तिसऱ्या मोबाइलने छायाचित्र काढून पुरावा देणेही फोल आहे. तो कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने पांढरा बदलतो.

एवढे करूनही मनाचा पूर्वग्रह उरतोच. त्यावर उपाय सोपा आहे. एका मित्राने पाठमोरे होऊन नाणे उडवावे, छापकाट्याप्रमाणे मोबाइल डावीउजवीकडे मांडावेत आणि कोणता कोठे आहे ते दुसऱ्यास सांगू नये. दुसऱ्याने अधिक पिवळसर कोणता, एवढेच सांगावे. असे दहा वेळा करावे. निव्वळ अंदाजाने सरासरी पाच वेळा एकाच मोबाइलकडे बोट जाईल. ठरवून दिलेल्या एका मोबाइलकडे अंदाजानेच नऊ किंवा दहा वेळा बोट जाण्याची शक्यता मात्र १०२४ मध्ये ११, म्हणजे शेकडा सुमारे एक इतकीच आहे. तेव्हा नऊ वेळा उत्तर जुळले तर भेद खरा मानावा. पाच-सहा वेळाच जुळले तर तक्रार करण्यापूर्वी थांबावे.

इतकी काटेकोर परीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. आज पुण्याचे वा नांदेडचे कुटुंब हैदराबादेतील मोती पडद्यावर पाहून पसंत करते. एकाच छायाचित्रातील मोती एका मोबाइलवर पांढरे व दुसऱ्यावर पिवळसर दिसले, तर एखाद्या प्रामाणिक व्यापाऱ्यावर लबाडीचा आळ येऊ शकतो. मोत्यांचे एक वेळ सोडा. नवजात बालकाच्या अंगावर कावीळ आहे की नाही, हे दूरच्या नातेवाइकाने पडद्यावर पाहून सांगणे अत्यंत धोक्याचे आहे. निळसर पडदा नेमका तोच पिवळेपणा झाकून टाकील. तेथे बालकास डॉक्टरांकडेच नेले पाहिजे, आणि गरज भासल्यास रक्ताची तपासणी केली पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या हाती असलेले यंत्र जे दाखवते ते सत्याचे एक मिश्रण असते, आणि आपला डोळा त्यात स्वतःची भर घालतो. दोघांच्याही मर्यादा ओळखून, परिस्थिती समान करून मग निर्णय देणे, यालाच शास्त्रीय दृष्टी म्हणतात. वस्तूंची पारख करताना ही सवय अंगी बाणली, तर माणसांची पारख करतानाही ती आपणांस उतावळ्या निकालापासून वाचवील.