पॅनेल छतावर, अंधार घरात

९ फेब्रुवारी २०२२. पहाटे दाट धुकं पडलं आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण असा मोठा पट्टा अंधारात गेला. पुण्यातल्या खराडीहून नगर रस्त्याने पुढे गेलं की लागणाऱ्या लोणीकंद परिसरातल्या अतिउच्चदाब वाहिन्या ट्रिप झाल्या होत्या. इन्सुलेटरवर बसलेली धूळ कोरडी असते तोवर काही करत नाही. दवाने भिजली, की तिच्यातले क्षार विरघळतात आणि विजेला नको तिथून वाट मिळते.

एवढं मोठं संकट क्वचित येतं. एरवी खराडीत लाइट जातात ते रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचा दात केबलला लागला म्हणून, किंवा गुरुवार, म्हणजे देखभाल-दुरुस्तीचा दिवस, आहे म्हणून. मग सोसायटीच्या ग्रुपवर हमखास कोणीतरी विचारतं, ‘‘अहो, गच्चीवर सोलर आहे ना? मग लिफ्ट का बंद?’’

प्रश्न रास्त आहे. बहुतेक गच्च्यांवरचं सोलर ‘ऑन-ग्रिड’ असतं. त्याचा इन्व्हर्टर महावितरणच्या ५० हर्ट्झच्या लहरीला ताल धरून चालतो. तिकडची लहर थांबली की त्याने क्षणार्धात बंद पडायचं, असा नियमच आहे. नाहीतर खांबावर चढलेला लाइनमन ‘बंद’ समजून ज्या तारेला हात लावेल, तिच्यात आपल्या गच्चीवरून वीज आलेली असेल. त्यामुळे भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, पॅनेल नुसती तापत बसतात.

उरतो घरातला, बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर. दुकानदार सांगतो, ‘‘दीडशे एएच, दिवसभर चिंता नाही.’’ जरा वही घेऊन बसू. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच (अँपिअर-तास) म्हणजे १,८०० वॉट-तास. दोन जुने पंखे १५० वॉट, दोन एलईडी २०, राउटर १०, लॅपटॉप ६०, एकूण २४०. भागाकार साडेसात तास सांगतो. प्रत्यक्षात नवी बॅटरीसुद्धा चार-साडेचार तासांतच मान टाकते.

असं का? एक तर इन्व्हर्टर स्वतःच पाचवा हिस्सा खातो. दुसरं, ते १५० मोजलेलं असतं बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर, म्हणजे साडेसात अँपिअरने. आपण ओढतो पंचवीस. प्लेटच्या बारीक छिद्रांतलं आम्ल संपतं आणि बाहेरचं आम्ल तितक्या वेगाने आत झिरपत नाही. प्यूकर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये क्षमतेतल्या या घटीचं सूत्र मांडलं. विक्रेत्यांच्या बोलण्यात ते अजून आलेलं नाही. आता तेच दोन पंखे प्रत्येकी ३० वॉटचे बीएलडीसी घ्या. भार १५० वॉटवर येतो आणि बॅटरी जवळजवळ दुप्पट वेळ टिकते. आधी पंखा बदला, बॅटरी नंतर.

डिझेल जनरेटर लिफ्ट आणि पंपासाठी ठीक. पण लिटरमागे तीन-साडेतीन युनिट मिळतात, म्हणजे नुसत्या इंधनाचेच युनिटला पंचवीस-तीस रुपये. तरी याच धुरकट यंत्रांनी पुण्याला एकदा तारलं आहे. २००६ मध्ये उद्योगांनी आपापले जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका केला आणि शहराचं भारनियमन टळलं. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते देशभर गाजलं.

काहींना तारच तोडायची असते. रोज आठ युनिट लागणाऱ्या घराने पावसाळ्यातले तीन ढगाळ दिवस काढायचे, तर २४ युनिट साठवायला हवेत. शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर मरते. म्हणजे दीडशे एएचच्या पंचवीस-तीस बॅटऱ्या! लिथियम आयर्न फॉस्फेटच्या कमी लागतील, पण खिसा जास्त रिकामा होईल. दुसरा मार्ग डॉ. हेमा साने यांचा. वनस्पतिशास्त्राच्या या प्राध्यापिका बुधवार पेठेतल्या आपल्या घरात विजेच्या जोडणीविना राहिल्या आणि तिथेच पुस्तकं लिहीत राहिल्या. तो मार्ग मला झेपणारा नाही, हे कबूल करतो.

खराडीच्या फ्लॅटला तार तोडून परवडणार नाही. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण ते पॅनेलसाठी. बॅटरीचा खर्च आपलाच. तेव्हा सही करण्याआधी कोटेशनमध्ये ‘ऑन-ग्रिड’ लिहिलंय की बॅटरी जोडता येणारं ‘हायब्रिड’, तेवढं वाचा. आणि लाइट गेल्यावर नेमकं काय चालू राहील, ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.