वाम आणि अहीर

बेळगावच्या कॅम्पातील मासळीबाजारात कोणी वाम मागितली, तर विक्रेत्याने प्रथम विचारावयास हवे: समुद्राची की नदीची? कारण नाव एक असले तरी मासे दोन आहेत. समुद्रातील वाम ही इंग्रजीत ज्याला ईल म्हणतात त्याच गणातील होय. नदीतील वाम केवळ आकाराने तशी. तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते. नद्यांतील खरा ईल तिसराच, त्याचे मराठी नाव अहीर. कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने अहिराला एल्फिन्स्टनचे नाव दिले होते. शास्त्रात ते टिकले नाही.

सर्पाकृती आणि खवलेरहित भासणारे अंग यांमुळे पुष्कळांना या माशांची किळस येते. यहुदी धर्मशास्त्राने तर बिनखवल्यांचे मासे निषिद्धच मानले. याच मुलुखावर राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लासा'त मात्र खवल्यांचे आणि कातडीचे असे माशांचे दोन्ही वर्ग मोकळेपणाने वर्णिले आहेत. इंग्लंडात १०८६ च्या महसुली नोंदींत कित्येक गिरण्यांचा खंड ईलच्या संख्येत मोजलेला आढळतो. पुढे लंडनच्या पूर्व भागात तो गरिबांचे खाणे झाला, आणि आज दुर्मिळतेमुळे महाग झाला आहे. जपानी लोक तो निखाऱ्यावर भाजून खातात. कच्चा खात नाहीत, कारण त्याच्या रक्तातील विष शिजविल्यानेच नष्ट होते.

अहिराची खरी अडचण त्याच्या जन्मात आहे. तो नदीत वाढतो, परंतु अंडी घालण्यास समुद्रात जातो, आणि पिलांना तेथून नदी चढावी लागते. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यात यावयाचे तर बंगालच्या उपसागरापासून सारी कृष्णा ओलांडणे आले. या वाटेवर विजयवाड्याचा बंधारा १८५५ मध्ये झाला, नागार्जुनसागर १९६७ मध्ये उभे राहिले, त्यापुढे अलमट्टी आहे. घटप्रभेवर हिडकल आहे, गोकाकचा धबधबा तर मुळातच होता. मत्स्यशेतीनेही हा प्रश्न सुटलेला नाही, कारण जगभरच्या ईलशेतीला पिले प्रायः निसर्गातूनच धरून आणावी लागतात. युरोपीय संघाने २०१० च्या अखेरीस त्यांची निर्यात थांबविली ती याचसाठी. नदीतील वाम या फेऱ्यातून सुटली. ती गोड्या पाण्यातच अंडी घालते, आणि धरणांच्या जलाशयांतही तिचा निभाव लागतो.