निद्रेतील श्वासरोध आणि रात्रीचे श्वसनयंत्र : कुळगावच्या प्रवाशाच्या निमित्ताने

मराठी बोलीत घोरणे हे सुखी माणसाचे लक्षण समजले जाते. घोडे विकून झोपलेला मनुष्य आपल्या कल्पनेत घोरतच असतो. आणि घरातील कर्ता पुरुष घोरत असला, की दिवसभराच्या श्रमानंतर त्यास गाढ निद्रा लागली असे मानून इतर मंडळी कूस बदलतात. भाषेने रूढ केलेली ही समजूत शरीरशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. घोरणे म्हणजे अरुंद झालेल्या मार्गातून वाट काढणाऱ्या हवेचा आवाज होय. तो आवाज मध्येच थांबला, काही क्षण सर्वत्र शांतता पसरली, आणि मग एखाद्या आचक्यासरशी तो पुन्हा सुरू झाला, तर त्या शांततेत मनुष्य विश्रांती घेत नसून त्याचा श्वास बंद पडलेला असतो. या विकारास वैद्यकात स्लीप ॲप्निया म्हणतात. येथे त्यास निद्राश्वासरोध असे म्हणू.

नाकपुडीपासून फुप्फुसापर्यंतच्या मार्गात घशाचा भाग तेवढा अस्थि वा कूर्चा यांच्या पक्क्या आधारावाचून आहे. गिळणे आणि बोलणे या क्रियांसाठी तो लवचीक असणे अवश्य आहे. परंतु त्याच लवचीकपणामुळे तो मिटूही शकतो. जागेपणी जिभेचे व घशाचे स्नायू त्यास उघडा ठेवतात. निद्रेत ते शिथिल होतात, आणि श्वास आत ओढताना निर्माण होणाऱ्या ऋण दाबाने घशाच्या भिंती एकमेकींकडे खेचल्या जातात. मार्ग अर्धवट मिटला तर घोरणे, पूर्ण मिटला तर श्वासरोध. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, छाती व पोट व्यर्थ धडपडतात. शेवटी मेंदू क्षणमात्र जागा होऊन स्नायूंना ताठ करतो आणि श्वास मोकळा होतो. हे जागे होणे इतके अल्पकाळ असते, की सकाळी त्याचे स्मरण राहत नाही. दहा सेकंदांहून अधिक टिकणारे असे खंड, आणि श्वास थांबला नाही तरी लक्षणीय मंदावला असे प्रसंग, मोजून तासाची सरासरी काढतात. ती पाचांहून कमी असणे स्वाभाविक, पंधरापर्यंत विकार सौम्य, तिसांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजला जातो. तीव्र विकाराच्या मनुष्याची निद्रा रात्रभरात दोनशेहून अधिक वेळा मोडते, आणि तरीही 'मला उत्तम झोप लागते' असे तो प्रामाणिकपणे सांगतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल मनुष्याची लक्षणे सांगताना क्षुद्रश्वास आणि अतिनिद्रा यांच्या जोडीस 'क्रथन' असा एक शब्द येतो; श्वास एकाएकी खुंटणे असा त्याचा अर्थ कोशकार देतात. एवढ्यावरून प्राचीनांस हा विकार आजच्या अर्थाने ज्ञात होता, असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. निरीक्षण होते, कारणमीमांसा नव्हती. आणि युरोपातही फार काळ हीच स्थिती होती. चार्ल्स डिकन्सने १८३६ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'पिक्विक पेपर्स'मध्ये एक सदैव पेंगणारा लठ्ठ पोऱ्या रंगविला. १९५६ साली अमेरिकेतील वैद्यांनी स्थूलता, झोपाळूपणा व मंद श्वसन यांच्या समुच्चयास त्या कादंबरीवरून नाव दिले. परंतु हा झोपाळूपणा रात्री मोडणाऱ्या निद्रेतून उद्भवतो, हे १९६५ साली फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनी निद्रेतील श्वसनाचे आलेख काढले तेव्हाच स्पष्ट झाले. पुढील पंधरा वर्षे तीव्र रोग्यास खात्रीचा असा एकच उपाय उपलब्ध होता : गळ्यास छिद्र पाडून त्यातून श्वास घेणे.

आता हा विकार आपल्याकडे किती आढळतो? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ३५ ते ६५ वर्षे वयाच्या नागर पुरुषांत निद्राकालीन श्वसनदोषाचे प्रमाण १९·५ टक्के, आणि त्यासोबत दिवसाचा झोपाळूपणाही असलेल्यांचे ७·५ टक्के, असे त्यांस आढळले. दिल्लीच्या अर्धनागरी वस्तीतील २००६ सालच्या अभ्यासात हेच आकडे अनुक्रमे सुमारे १३·७ व ३·६ टक्के आले. तेथे स्त्रियांचाही समावेश होता. मुंबईच्या अभ्यासातील पुरुष मोठ्या खाजगी रुग्णालयात नियमित तपासणीसाठी आलेले, म्हणजे बहुतांशी सुस्थितीतील होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. ज्या मनुष्याचा विचार येथे करावयाचा आहे, तो त्या नमुन्यात क्वचितच सापडेल.

तो मनुष्य कुळगावचा. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या क्षेत्रात २००१ च्या जनगणनेत ९७,९४८ लोक होते. २०११ मध्ये ते १,७४,२२६ झाले. मुंबईत घर न परवडणारा नोकरदार कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ असे एकेक स्थानक मागे टाकीत येथवर आला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर लोहमार्गाने ६८ किलोमीटर. एका बाजूचा प्रवास सुमारे दीड तासाचा, आणि घरापासून स्थानक व स्थानकापासून कचेरी हा काळ वेगळाच. पहाटेची गाडी गाठावयाची तर साडेचार-पाचास उठावे लागते. रात्री जेवण आटोपून अंथरुणास पाठ लागेपर्यंत अकरा वाजतात. अशा मनुष्यास दिवसा झोप येते यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल. आणि येथेच खरी अडचण आहे. ज्या गावात सर्वांचीच झोप अपुरी, त्या गावात झोपाळूपणा हे रोगाचे लक्षण म्हणून नजरेस येत नाही. प्रवासाचा शीण या दोन शब्दांत सर्व काही सामावते.

झोपाळूपणा मोजण्यासाठी जगभर जी प्रश्नावली वापरतात, ती १९९१ साली ऑस्ट्रेलियातील मरी जॉन्स यांनी तयार केली. तीत आठ प्रसंग दिलेले असून प्रत्येकात डुलकी लागण्याचा संभव शून्य ते तीन अशा अंकांत सांगावयाचा असतो. बेरीज दहाहून अधिक आल्यास पुढील तपासणी योग्य समजतात. यांपैकी एक प्रसंग तासभर न थांबता चाललेल्या मोटारीत प्रवासी म्हणून बसण्याचा, दुसरा रहदारीत काही मिनिटे थांबलेल्या मोटारीतला. बदलापूरच्या लोकलमध्ये ज्यास बसावयास जागा मिळाली, तो डोंबिवलीपूर्वी पेंगला नाही तर शेजारच्यासच आश्चर्य वाटेल. उभ्याने डुलकी काढण्याची कलाही या मार्गावर अनेकांस अवगत आहे. म्हणजे हे माप येथे रोगी आणि निरोगी यांस वेगळे करण्यात दुबळे पडण्याचा संभव आहे. प्रश्नावलीचे केवळ भाषांतर पुरेसे नसते, तिच्यातील प्रसंगांचेही देशांतर व्हावे लागते, हा मुद्दा आपल्या विद्यापीठांतून पदव्युत्तर प्रबंधास विषय होण्याजोगा आहे.

मग भेद कसा ओळखावा? अपुऱ्या निद्रेचे ऋण झोपेने फिटते. सलग काही दिवसांच्या सुटीत मनुष्य पोटभर झोपला आणि ताजातवाना झाला, तर दोष प्रवासाचा असण्याचा संभव अधिक. आठ-नऊ तास झोपूनही डोके जड, तोंड कोरडे, रात्री लघवीस वारंवार उठणे, औषधांस दाद न देणारा रक्तदाब, अशी चिन्हे असल्यास घशाकडे पाहावे. ही कसोटी निर्णायक नव्हे. दोन्ही दोष एकाच माणसाच्या ठायी सुखेनैव नांदतात. मोठा पुरावा अंथरुणापाशीच असतो. एका खोलीत चार माणसे झोपणाऱ्या घरात साक्षीदारांची वाण नसते. वाण असते ती साक्ष विचारणाऱ्याची. 'यांचा श्वास मध्येच थांबतो, मी हलवून उठविते' हे पत्नीचे वाक्य डॉक्टरांपर्यंत पोचले तर अर्धे निदान झाले. स्त्रियांच्या बाबतीत तेही घडत नाही. त्यांचा विकार पुष्कळदा निद्रानाश, थकवा, सकाळची डोकेदुखी अशा रूपांत प्रकट होतो, रजोनिवृत्तीनंतर त्याचा संभव वाढतो, आणि त्यांचे घोरणे ऐकण्याइतके कोणी जागे नसते. शिवाय हा केवळ लठ्ठांचा रोग नव्हे. लहान जबडा वा मागे सरलेली हनुवटी असलेल्या सडपातळ माणसासही तो होतो. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले आणि डॉक्टरांनी त्यांच्या मृत्यूचे कारण म्हणून या विकाराचा उल्लेख केला, तेव्हा त्याचे नाव प्रथमच वृत्तपत्रांतून घरोघरी गेले. पक्के निदान मात्र रात्रभराच्या निद्रापरीक्षणानेच होते. आता त्याचा सुटसुटीत प्रकार घरीही करता येतो.

उपायांत प्रमुख ते श्वसनयंत्र, ज्यास सीपॅप म्हणतात. सिडनी विद्यापीठातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी पाच रोग्यांवरील आपला अनुभव १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. कल्पना विलक्षण साधी होती : मार्ग आतील ऋण दाबाने मिटतो, तर नाकावाटे सतत थोडा अधिक दाब देऊन तो उघडा ठेवावा. प्रारंभीच्या यंत्रांत धूळ ओढणाऱ्या झाडणीयंत्राची मोटर उलटी वापरली होती. हे यंत्र प्राणवायू पुरवीत नाही, रोग्याच्या वतीने श्वासही घेत नाही. हवेचा एक अदृश्य आधार घशास देते, इतकेच. दाब सामान्यतः पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर स्तंभाएवढा असतो. वातावरणाचा दाब त्याच मापाने सुमारे १,०३३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे दहा सेंटिमीटरचा दाब हा वातावरणाच्या केवळ एक शतांश. एवढ्याशा दाबाने गळ्याचे छिद्र टळले, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात लहान नव्हे.

यंत्र साधे, त्याच्यासह नांदणे तितके साधे नाही. पहिले काही आठवडे कसोटीचे असतात. मुखवटा सैल बसला तर हवा डोळ्यांवर जाते, घट्ट बांधला तर नाकाच्या दांड्यावर वळ उठतो. केवळ नाक झाकणारा, नाकपुड्यांत बसणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे त्याचे प्रकार आहेत. तोंडाने श्वास घेणाऱ्यास पहिले दोन सोसत नाहीत. पुष्कळ जण यंत्रास नावे ठेवतात, पण दोष मापाच्या मुखवट्याचा असतो. कोरडेपणासाठी हवेत ओलावा मिसळणारे पात्र असते. त्यात ऊर्ध्वपातित पाणी रोज नवे घालावे आणि पात्र वाळवावे. उल्हास नदीच्या खोऱ्यातील पावसाळी हवेत नळीत थेंब साचून गुळगुळ आवाज येतो, तेव्हा ओलावा कमी करावा लागतो. गाळणी वेळच्या वेळी बदलावी लागते. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली अनेक यंत्रे परत मागविली. आवाज दबविण्यासाठी आत बसविलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका आढळला होता. तेव्हा जुने यंत्र विकत घेणाऱ्याने त्याचा क्रमांक तपासून घ्यावा. पहिल्या महिन्यात यंत्र भाड्याने घेणे हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो; हजारो रुपयांची वस्तू माळ्यावर धूळ खात पडण्याची उदाहरणे थोडी नाहीत.

संकोच हा वेगळाच अडथळा आहे. लहान घरात मुखवटा लावून झोपलेल्या मनुष्याकडे पाहून पाहुणे त्यास अत्यवस्थ समजतात, आणि मुले पहिले दोन दिवस हसतात. लग्नकार्यास गावी जाताना यंत्र सोबत न नेण्याचे कारण बहुधा वजन नसते. उलट, घोरणे थांबल्यामुळे खोलीतील सर्वांनाच झोप लागते, हा लाभ कोणत्याही शोधनिबंधाच्या सारणीत सहसा दिसत नाही. कुटुंबाच्या दृष्टीने कदाचित तोच पहिला ठरावा.

या यंत्राकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. दिवसाचा झोपाळूपणा त्याने निश्चित कमी होतो आणि रक्तदाबही थोडा उतरतो. परंतु हृदयविकार वा पक्षाघात टळतो काय, हे पाहण्यासाठी भारतासह अनेक देशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या प्रयोगात २,७१७ रोग्यांवर तसा लाभ सिद्ध झाला नाही. त्यात यंत्राचा सरासरी वापर रात्री केवळ ३·३ तास होता, आणि अत्यंत झोपाळू रोगी मुळातच वगळलेले होते. कमी वापरामुळे लाभ दिसला नाही की लाभच नाही, यावर मतभेद आहेत. रात्री किमान चार तास वापर पुरेसा, असा एक संकेत रूढ आहे. तो हिशेबाच्या सोयीचा आहे, शरीराने घालून दिलेला नव्हे. पहाटेच्या स्वप्ननिद्रेत घशाचे स्नायू सर्वाधिक शिथिल असतात. साडेअकराला यंत्र लावून साडेतीनला काढून ठेवणाऱ्याचे चार तास भरतात, पण नेमका धोक्याचा काळ उघडा राहतो. कुळगावच्या प्रवाशास मुळात साडेपाच तासच झोप मिळते. त्याच्या बाबतीत यंत्रदेखील निम्मेच काम करील. उरलेले काम वेळापत्रकाचे आहे. वजन घटविणे, कुशीवर निजणे, रात्रीचे मद्य वर्ज्य करणे यांचाही उपयोग होतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने स्थूल रोग्यांतील मध्यम व तीव्र विकारासाठी टिर्झेपटाइड या औषधास मान्यता दिली; यंत्राखेरीज औषधाचा मार्ग त्यामुळे प्रथमच उघडला.

राहिला विजेचा प्रश्न. या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने मुंबईबाहेरचा महाराष्ट्र अंधारात बसत असे. ते दिवस गेले, तरी पहिल्या वादळी पावसात वाहिनी तुटणे गेलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस सुमारे हजार प्रवाशांसह अडकली, ते चित्र सर्वांस स्मरत असेल. नदी अशी चढली की सखल भागांचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागतो. झोपेत वीज गेल्यास रोगी गुदमरत नाही. मुखवट्यात हवा बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात आणि तो बहुधा जागा होतो. मात्र त्या रात्रीपुरता मूळ विकार परततो. घरातील इन्व्हर्टरवर यंत्र चालते. ओलाव्याचे पात्र तापविण्यात बरीच वीज खर्च होते, म्हणून बॅटरीवर असताना ते बंद ठेवावे, म्हणजे रात्र निभावते. शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होताना यंत्र बरोबर न्यावे आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांस त्याविषयी आधीच सांगावे, कारण भुलीची औषधे व वेदनाशामके घशाचे स्नायू निद्रेहूनही अधिक शिथिल करतात.