टीव्हीखालच्या पट्टीत दडलंय काय?
निन्टेन्डोचा ‘वी’ हा व्हिडिओ गेम कन्सोल २००६ साली आला आणि बटणांना बिचकणारे आजी-आजोबाही नातवंडांबरोबर बोलिंग खेळू लागले. रिमोट धरलेला हात मागे नेऊन पुढे झोकला, की पडद्यावरचा चेंडू सुटतो. रिमोटला हे कळतं कसं? त्याच्या पोटात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसा झटका बसताच तो जागचा हलतो. शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्यासरशी विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून त्वरण मोजलं जातं.

खरी गंमत टीव्हीजवळच्या ‘सेन्सर बार’ची. ती पट्टी काहीच टिपत नाही! तिच्या दोन्ही टोकांना अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात, एवढंच. त्यांना पाहणारा कॅमेरा असतो रिमोटच्या तोंडाशी. म्हणून पट्टीऐवजी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी काम भागतं. इतका साधा मार्ग काढणाऱ्या अभियंत्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

कन्सोल नसला तरी असाच अवरक्त दिवा असलेला टीव्हीचा रिमोट घरात असेलच. अंधारात त्याचं बटण दाबून पुढचा दिवा फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट चमक दिसते. मुलांनाही जरूर दाखवा.